चाचांच्या प्रेसमधले दोन मॉनिटर

केबल आणायला पुण्याला जाताना मॉनिटरच बरोबर नेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सकाळच्या भोर-पुणे गाडीत चाचा खिडकीशी बसलेले असायचे. मांडीवर चादरीत गुंडाळलेला, पोट सुटलेला मॉनिटर आणि पायांत लॅपटॉपची पिशवी. कंडक्टरनं एकदा विचारलं, "चाचा, चादरीत काय?" तर म्हणाले, "नवरी हाय. दाखवायला चाललोय." कंडक्टरनं नवरीचं लगेजचं तिकीट फाडलं आणि चाचांनी ते निमूट घेतलं.

"अहो चाचा, नुसतं सांगितलं तरी देतात दुकानदार," मी म्हणायची. "निळ्या तोंडाची, दोन्हीकडं काड्यांची, लांब केबल द्या. एवढं बोललं की झालं."

चाचा मान हलवायचे. "पोरी, फोटोवर सोयरीक ठरत न्हाई. दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या पायजेत. पोरगं कळतं, पोरगी कळती, आन् मधला माणूस काय लपवतोय त्येबी कळतं."

मधला माणूस म्हणजे अडॅप्टर. त्यांचा अडॅप्टरवर भारी राग होता. एका जातीच्या केबलीला दुसऱ्या जातीचं तोंड बसवणारा तो छोटासा ठोकळा दिसला की चाचांचा चेहरा असा व्हायचा, जणू लग्नात न बोलावता कुणी दलाल शिरलाय. "सरळ जुळत आसंल तर मधी कुणाला घालू नये," हे त्यांचं तत्त्व. "सांधा आला की गळती आली."

चाचांचा भोरच्या बाजारपेठेत छापखाना होता. चाचा हे गावानं दिलेलं नाव, खरं नाव फक्त लाइटबिलावर असायचं. पत्रिकेवरचा गणपती आणि दुसऱ्या पत्रिकेवरचं बिस्मिल्ला त्याच यंत्रातून निघायचं, आणि दोन्हींच्या शुद्धलेखनाला चाचा सारखेच कडक. एकदा एका नवरदेवाच्या बापानं "असू द्या हो एक वेलांटी, कोण बघतंय" म्हटलं, तर चाचांनी त्याला चहा पाजून हात जोडले आणि दुसऱ्या प्रेसचा पत्ता दिला.

मी त्यांच्याकडं डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायला होते. लग्न होऊन भोरला आले तेव्हा मराठी टायपिंग येत होतं आणि जीभ जरा तिखट होती. चाचा म्हणाले, "टायपिंग शिकवता येतं. हितं येणाऱ्या भावकीला आवरायला जीभ लागती, ती शिकवता येत न्हाई. उद्यापासनं या."

भावकी हा काय प्रकार असतो ते मला त्या प्रेसमध्ये कळलं. पत्रिकेत नवरानवरीची नावं दोन ओळींत मावतात. बाकी सगळा कागद निमंत्रक, विनीत, व्यवस्थापक, आशीर्वाद देणारे, मामाकडची मंडळी आणि तळाला "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी, अजून धड बोलता न येणारी पोरं यांच्यासाठी असतो. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाच्या नावापुढं पाटील, कुणाच्या नावापुढं नुसतंच श्री., यावरनं सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलायचे बंद झालेले मी बघितलेत. म्हणून वेल्ह्याच्या वरच्या अंगाची काय किंवा हायवेकडची काय, माणसं प्रूफ बघायला टेम्पो करून यायची.

आणि चाचांच्या प्रेसची एक रीत होती. प्रूफ मोठ्यानं वाचायचं, आणि तेही स्वतःच्या बाजूचं नाही, समोरच्या बाजूचं. नवरीच्या चुलत्यानं नवरदेवाकडची नावं वाचायची आणि नवरदेवाच्या बापानं नवरीकडची. "आपलं नाव माणूस बघतो, वाचत न्हाई," चाचा म्हणायचे. ते खरंच होतं. एका माणसाचं आडनाव चुकलेलं त्यानं तीनदा बघून पास केलं होतं, आणि व्याह्यानं एका दमात धरलं.

दुसरी सवय त्याहून विचित्र. कुणी रुसून उठून गेला की चाचा गडबडीनं त्याच्या मागं जायचे नाहीत. आधी त्याच्या खुर्चीवर जाऊन बसायचे. तिथनं काय दिसतं, कोण दिसतं, पंख्याचा वारा लागतो का, सगळं बघायचे. मी चिडायची. "तो माणूस चालला ना तिकडं, आणि तुम्ही खुर्ची काय तपासताय?" तर म्हणायचे, "तो जिथनं रुसला तिथनं बघू दे की जरा."

तर ही केबलींची भानगड सुरू झाली लॅपटॉपमुळं. ती भारनियमनाची वर्षं. लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा पत्ता नसायचा, आणि अर्धी पत्रिका टाइप झाली की कॉम्प्युटर डोळे मिटायचा. चाचांच्या जावयानं नवीन लॅपटॉप घेतला आणि जुना सासऱ्यांना दिला. बॅटरी चांगली होती. मला तर सोनं मिळाल्यासारखं झालं.

पण त्या लॅपटॉपचा पडदा समोरनं तेवढा दिसायचा. बाजूनं बघितलं की काळा. मी समोर बसायची, माझ्या डाव्या अंगाला नवरीकडचे, उजव्या अंगाला नवरदेवाकडचे, आणि सगळे माना वाकड्या करून. "आमाला तर काळंच दिसतंय," डावीकडचे म्हणायचे. "मग त्यांलाच काय दावताय?" उजवीकडचे म्हणायचे, "आमालाबी काळंच हाय, तुमीच काय तरी घुसडलं असंल." एकदा तर दोघंही इतके पुढं आले की मधल्या मधी माझी वेणी कुणाच्या तरी घड्याळात अडकली. त्या दिवशी मी चाचांना सांगितलं, "मला पगार नका वाढवू, पण या लोकांना माझ्या खांद्यावरनं उतरवा."

चाचा विचारात पडले. मग त्यांनी लॅपटॉप उलटासुलटा करून त्याची सगळी भोकं बघितली.

पहिला प्रयोग घरच्या टीव्हीवर झाला. लॅपटॉपला एक बारीक गोल भोक होतं. तसल्याच तोंडाची केबल कुणाकडं तरी मिळाली, सरळ जुळली, मधी कुणी नाही, म्हणून चाचा खूश. घरनं टीव्ही उचलून आणला. चित्र आलं, पण अक्षरं अशी की जणू कुणी ओल्या बोटानं पुसलीत. चि. कुठं संपतो आणि सौ. कां. कुठं सुरू होतं काही कळेना. तेवढ्यात चाची दारात. त्या प्रेसमध्ये कधी यायच्या नाहीत. पडद्याकडं बघून म्हणाल्या, "ह्यात नवरा कोण आन् नवरी कोण? माझा टीव्ही घरी न्या आधी." टीव्ही संध्याकाळच्या आत घरी गेला.

मग पुण्याहून एक सपाट मॉनिटर आला, कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला. दिसायला देखणा, पण त्याला पांढऱ्या, रुंद तोंडाचं भोक आणि लॅपटॉपला निळं. जुळेना. नाइलाजानं चाचांनी अडॅप्टर आणला. त्याच्या पांढऱ्या तोंडाला एक चपटी पट्टी होती आणि तिच्या भोवती चार बारीक काड्या. मॉनिटरला पट्टीपुरती जागा होती, काड्यांना भोकंच नव्हती. आता चाचांची शिकवण अशी की "प्लगला जोर लावायचा न्हाई. जोर लागतोय म्हंजी सोयरीक चुकतीय." त्यांनी जोर लावला नाही. त्यांनी पक्कड घेतली आणि चारही काड्या मुळापासून मोडल्या.

अडॅप्टर सुळकन बसला. चाचांनी माझ्याकडं असं बघितलं की बघ, जमवली का नाही. मी लॅपटॉप सुरू केला. मॉनिटर काळा तो काळाच.

पुण्याच्या दुकानदाराला ते मोडकं तोंड दाखवलं तेव्हा त्यानं ते उजेडात धरून फिरवून बघितलं. मग म्हणाला, "चाचा, लॅपटॉपचं चित्र त्या चार काड्यांतनंच येतं. आणि काड्या राहिल्या असत्या तरी या मॉनिटरला चाललं नसतंच. याचं चित्र वेगळ्या जातीचं." चाचा तिथंच काउंटरला टेकून हसायला लागले. गावात येऊन ज्याला त्याला सांगितलं, "मी मेंढ्या हाकायच्या म्हणून कुत्रंच हाकललं." स्वतःची फजिती चवीनं सांगायला त्यांना फार आवडायचं.

तिथनं पुढं फक्त निळ्या तोंडाचे जुने, पोट सुटलेले मॉनिटर. आणि केबल निवडायची चाचांची परीक्षा ठरलेली. काउंटरवर नवरी ठेवायची, लॅपटॉप जोडायचा आणि पत्रिका उघडायची. मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली, चाचा पडद्याला नाक लावून अनुस्वार बघतायत. बारीक, हलकी केबल असली की प्रत्येक अक्षराच्या उजव्या अंगाला त्याची सावली पडते आणि अनुस्वाराचं टिंब त्या सावलीत बुडून जातं. जाड केबल, दोन्ही टोकांना त्या फुगीर गाठी असलेली, ती घेतली की टिंब जागेवर. "गळ्यात गाठ हाय तिला घ्या," हे चाचांचं केबलशास्त्र. न जमलेल्या केबली ते टाकून द्यायचे नाहीत. खिळ्यांना टांगायचे. एक केबल विशिष्ट वाकडी धरली तरच चालायची, तिचं नाव रुसकी.

लॅपटॉपला निळं भोक एकच. म्हणून शेवटी एक दुतोंडी केबल आली, एक शेपूट लॅपटॉपला आणि दोन तोंडं दोन मॉनिटरांना. चाचांनी मधे टेबल ठेवलं, टेबलावर मी आणि लॅपटॉप. डावीकडं एक मॉनिटर नवरीच्या मंडळींकडं तोंड करून, उजवीकडं दुसरा नवरदेवाच्या मंडळींकडं. कुणाची मान कुणाला लागायची नाही. दोन्हीकडं तेच दिसायचं. केबल लावली की चाचा तिचे दोन्ही बाजूंचे स्क्रू हातानं फिरवून पक्के आवळायचे. "लगीन लावायचं तर गाठ मारावी लागती," म्हणायचे. घाई असो नसो, स्क्रू आवळल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही.

पहिल्याच दिवशी पानशेतहून एक हॉटेलवाले आले, मेनूकार्ड करायला. मी लॅपटॉपवर त्यांची पिठलं-भाकरी टाइप करतेय आणि ते मॉनिटरकडं बघत बसलेत. मॉनिटरवर मात्र लॅपटॉपबरोबर आलेली ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. एक कळ दाबायची राहिली होती, त्यामुळं माझा पडदा वेगळा आणि त्यांचा वेगळा झाला होता. मी चूक दुरुस्त करणार तेवढ्यात ते म्हणाले, "झकास. ह्ये आमच्या धरणाच्या वरचंच हाय. मागची बाजूबी अशीच ठेवा." त्यांचं मेनूकार्ड तसंच छापलं. पुण्याची माणसं रविवारी तिथं जेवताना ती टेकडी कुठली ते विचारायची म्हणे, आणि ते हात करून दाखवायचे.

डावीकडचा मॉनिटर जरा वयस्कर होता. लाइट जाऊन आली की त्याच्यातलं चित्र खाली घसरायचं आणि तळाची ओळ काठाच्या आत जायची. बटणं दाबून ते वर घ्यावं लागायचं. बहुतेक वेळा माझ्या लक्षात असायचं.

आता एका मुलीबद्दल सांगते. वेल्ह्याच्या बाजूची, गुंजवण्याकडची. भोरला शिकायला होती आणि आमच्याकडं प्रोजेक्टची पानं टाइप करून घ्यायची, म्हणून ओळख. तिच्या लहानपणीच वडील मुंबईला गेले ते तिकडचेच झाले. आई भावाकडं आली. मामानं भात लावून, भात विकून भाचीला वाढवलं, शिकवलं. लग्न ठरलं शिवऱ्याच्या मुलाशी, हायवेला त्यांचं टायरचं दुकान होतं. मुलगा तिला मनापासून आवडला होता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं.

पत्रिकेची नावं सांगायला ती एकटीच आली होती. मी विचारलं, "सुरुवात कुठनं करू?" तर म्हणाली, "पहिलं मामाचं घ्या, ताई. बाकीची जागा उरंल तशी." मी मामांचं नाव पहिलं टाइप केलं. पण लग्न म्हटल्यावर इतकी वर्षं न दिसलेली वडिलांची भावकी जागी झाली. एक चुलते पुढं आले. त्यांनी सगळी जुळणी बदलायला लावली. "मामा शेवटी असतोय, रीत हाय," म्हणाले. मामांचं नाव तळाच्या ओळीत गेलं. मुलीनं ओठ चावून मान हलवली.

खर्च वाचावा म्हणून पत्रिका दोन्हीकडची मिळून एकच होती. प्रूफाच्या दिवशी डावीकडं मामा आणि चुलते बसले, उजवीकडं मुलाचे वडील. ते घसा मोठा असलेले गृहस्थ, साधं बोलले तरी दुकानाबाहेर ऐकू जायचं. मुलगी माझ्या मागं उभी, माझ्या लॅपटॉपवर बघत. दुपारची वेळ. जरा आधी लाइट जाऊन आली होती, आणि चहा, खुर्च्या, या-बसा या गडबडीत डावीकडच्या मॉनिटरचं माझ्या लक्षातनं गेलं.

मोठ्यानं वाचायच्या आधी सगळे नुसतं बघत होते. चुलते म्हणाले, "झकास. कायबी राहिलं न्हाई."

मामा पुढं वाकले. बारीक अंगाचा, गप्प माणूस. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, मग परत वरनं खाली बघितलं. मुलीनं हसून विचारलं, "मामा, बरोबर हाय न्हवं?"

मामा तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर हाय." टोपी उचलली, उठले, "माझी गाडी हाय" म्हणाले आणि चालायला लागले.

दोन मिनिटं कुणाला काही कळलंच नाही. मग मुलाच्या वडिलांचा घसा सुटला. "काय झालं? आमचं काय चुकलं का? आमी मानात काय कमी केलं?" चुलते म्हणाले, "मामा लोकांचं आसंच असतंय, त्यांला मान लागतो. आपण उरकून घ्या." मुलाचे वडील आणखी तापले. "उरकून कसं? आज प्रूफावरनं उठले, उद्या मांडवातनं उठतील. आमची शोभा करायची हाय का? मग राहू द्या हे लगीन."

मुलगी माझ्या मागनं पुढं आली. ती मोठ्यानं नाही बोलली, पण स्पष्ट बोलली. "मामा नसतील तर मीच उभी राहणार न्हाई." जमलेलं लग्न माझ्या टेबलासमोर मोडत होतं, कशावरनं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि माझी एवढी तिखट जीभ तेव्हा टाळ्याला चिकटली होती.

आणि चाचा मामांच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"पोरी," त्यांनी मला हाक मारली, "मामा कुठं गेले?"

"स्टँडवर गेले चाचा, आणखी कुठं."

"त्ये न्हाई. पत्रिकेतले."

मी पळत त्यांच्या मागं गेले. पडद्यावर चुलते होते, चुलत चुलते होते, तळाच्या काठाशी येऊन पत्रिका संपत होती. मामांची ओळ आत गेलेली. मी बटणाला हात लावणार तेवढ्यात लाइट गेली आणि दोन्ही मॉनिटर विझले. टेबलावर लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू राहिला.

"हाच घेऊन जायचा," चाचा म्हणाले आणि केबल काढायला बसले. पण ती त्यांनीच आवळलेली. एक स्क्रू, मग दुसरा स्क्रू, शांतपणे, बोटांनी फिरवत. मी म्हटलं, "चाचा, ओढा ती, वेल्ह्याची गाडी लागली असेल." तर म्हणाले, "गाठ ओढून सोडत न्हाईत." मला त्या क्षणी त्यांचा असा राग आला की काय सांगू. शेवटी केबल सुटली. चाचांनी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला आणि निघाले. मागं मी आणि मुलगी. मुलाच्या वडिलांना चाचा जाता जाता म्हणाले, "तुमी चला. वाचायचं काम तुमचं हाय." ते का कुणास ठाऊक, आले. चुलतेही आले.

बाजारपेठेतनं आमची वरात चालली. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. मामा स्टँडवर बाकड्याच्या कडेला बसले होते. चाचांनी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. पण ऊन असलं कडक की पडद्यावर आमचीच तोंडं दिसत होती, पत्रिका दिसेना. मुलाच्या वडिलांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि लॅपटॉपसकट आपल्या आणि मामांच्या डोक्यावर टाकलं. आतनं त्यांचा आवाज येऊ लागला. स्टँडवरची सगळी माणसं ऐकायला लागली. ते नवरीकडची नावं वाचत होते, एकही न गाळता, सगळे चुलते, सगळे चुलत चुलते, आणि शेवटी मामांचं नाव, गावासकट.

मग मामांचा आवाज आला. "ह्ये आता घातलं असंल. म्या उठून आलो म्हणून."

आता काय करायचं? मी सांगायला लागले की मॉनिटर जुना आहे, चित्र घसरतं, लाइट गेली होती. ते मलाच खोटं वाटायला लागलं. मग मुलगी त्यांच्या पायाशी खाली बसली आणि तिनं उपरणं बाजूला केलं.

"मामा, नावं सांगायला मी एकटी आलते. पहिलं नाव तुमचं सांगितलं. बापाचं मागनं सांगितलं. इचारा ह्या ताईंना."

"खरं आहे," मी म्हटलं. "या पत्रिकेत टाइप झालेलं पहिलं नाव तुमचंच."

मामा भाचीकडं बघत होते. डोळे भरले होते, पण पुसले नाहीत. "नाव नसतं तरी चाललं असतं गं," ते म्हणाले. "नावाचं काय घेऊन बसलीस? पण तू हसून इचारलंस, बरोबर हाय न्हवं म्हणून. मला वाटलं, तुला दिसतंय आन् तरी तू इचारतीयास. वाटलं, आता पोरीला मामाची अडचण व्हाया लागली."

मुलगी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. स्टँडवर, सगळ्यांदेखत. मीही रडले, त्यात लाजायचं काय. वेल्ह्याची गाडी आली, कंडक्टरनं मामांकडं बघितलं, आणि गाडी मामांना न घेता गेली.

मुलाच्या वडिलांनी उपरण्याची घडी घातली. आयुष्यात पहिल्यांदाच असावं, पण ते हळू बोलले. "ताई, ह्यांचं नाव तळाला नगं. पोरीच्या नावाखाली घ्या, 'यांची भाची' म्हणून. जागा पुरत नसंल तर आमच्याकडची दोन नावं काढा. माझ्या भावांना काय सांगायचं ते मी सांगतो." चुलत्यांनी तोंड उघडलं. चाचांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि त्यांनी ते मिटलं. पत्रिकेतनं स्वतःच्या भावाचं नाव काढा म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

पत्रिका तशीच छापली. लग्न उन्हाळ्यात झालं. मंगलाष्टकांना मामा भाचीच्या पाठीशी उभे होते. मी गेले होते, चाचा नाही गेले. आपण छापलेल्या पत्रिकेच्या लग्नाला ते कधीच जायचे नाहीत. "जेवताना एखादी चूक दिसली तर घास उतरत न्हाई," म्हणायचे. मामांनी माझ्याबरोबर त्यांच्यासाठी डबा दिला. चाचांनी तो प्रेसमध्ये बसून चाटूनपुसून खाल्ला.

प्रूफाच्या त्याच दिवशी सगळे गेल्यावर चाचा दोन मॉनिटरांच्या मधे जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "दोघांस्नी दोन पडदे दिले की भांडण मिटंल, आसं मला वाटलं व्हतं. हितं तर कोण काय बघतंय त्येच दुसऱ्याला दिसंना." त्यांनी डावीकडच्या मॉनिटरचे स्क्रू सोडले, दुतोंडी केबल काढून रुसकीशेजारी टांगली आणि उजवीकडचा मॉनिटर भिंतीकडं सरकवला. दुसऱ्या दिवशी एका बंद पडलेल्या शिकवणीतला लांब बाक हातगाडीवरनं आणला आणि त्या मॉनिटरसमोर टाकला.

त्यानंतर मी प्रेस सोडेपर्यंत नवरीकडचे आणि नवरदेवाकडचे त्या एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसायचे, एकाच पडद्याकडं बघत. भांडणं व्हायची, आधीसारखीच व्हायची. पण बाकावर दाटी अशी असायची की एकाला उठून जायचं तर बाकी सगळ्यांना उठवावं लागायचं, आणि तेवढ्यात राग निघून जायचा.